पोथीचा समास आणि संकेतस्थळाचें पान

मुलुंड येथील एका सद्गृहस्थांच्या घराण्यांत चालत आलेला पोथीसंग्रह कांहीं वर्षांपूर्वीं छायाचित्रें घेऊन संकेतस्थळावर मांडण्यांत आला. त्यांतील पांडवप्रतापाच्या पोथीअखेर लेखनाचा शक, संवत्सर, तिथि व वार स्पष्ट दिलेले दिसत होते. मोडकांच्या जंत्रीशीं ताडून पाहतां ते बरोबर जुळले, आणि आम्हीं तो काळ निःशंकपणें आपल्या यादींत टिपून ठेविला. गेल्या पावसाळ्यांत मूळ पोथी हातांत घेण्याचा योग आला, तेव्हां तिचा कागद गिरणीचा निघाला. पेशवाईंतील शक व गिरणीचा कागद यांचा मेळ बसेना. रुमाल सोडून पानें एक एक करून लावूं लागलों, तों उलगडा झाला. शकाचें पान पांडवप्रतापाचें नव्हतेंच; तें त्याच रुमालांत बांधलेल्या हरिविजयाचें शेवटचें पान होतें. दोन्ही ग्रंथ श्रीधराचे, दोन्ही ओवीबद्ध, पानांचा आकारहि सारखा. आणि त्या पानावर नकलकाराचें नांव व काळ यांपलीकडे मजकूर नव्हता. समासांत मात्र ‘ह. वि.’ हीं अक्षरें व पत्रांक ठळक होते. संकेतस्थळावर ते दिसले नाहींत. कारण पान देखणें दिसावें म्हणून तें मांडणारानें चारी बाजूंचा समास कोरा समजून छाटून टाकिला होता.

ही चूक कोणा एकाच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. तींत आमचाहि वांटा आहेच. छायाचित्रें उत्तम होतीं, यादी मेहनतीनें केलेली होती, सजावटहि नेटकी होती. हीं तीन कामें करणाऱ्या तिघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें, इतकेंच. मजकूर, त्यांतून फिरण्याच्या वाटा व त्याचें रूप हीं जणूं तीन वेगळीं खातीं ठरलीं. जुन्या नकलकारास हीं तिन्ही एकट्यानें सांभाळावीं लागत, आणि म्हणूनच त्याच्या पानाकडे पुन्हां पाहणें अगत्याचें वाटतें.

पोथीचें पान सुटें असतें, हें तिच्या सर्व रचनेचें मूळ होय. सुटें पान वाऱ्यानें उडतें, उलटें बसतें, दुसऱ्या पोथींत जातें. यास्तव पानाच्या पाठच्या बाजूस डाव्या समासाच्या माथ्याशीं ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्रांक, आणि उजव्या समासाच्या तळाशीं पुन्हां पत्रांक, पुष्कळदां ‘राम’ या अक्षरांसह, घालण्याची चाल पडली. मजकूर सलग, शब्द न तोडतां लिहिलेला. म्हणून ‘उवाच’, अध्यायसमाप्ति व ओव्यांचे आंकडे यांस तांबडी शाई किंवा गेरूचा हात. तांबडा रंग शोभेचा खरा, पण डोळ्यांस वाट दाखविणें हें त्याचें पहिलें काम. अक्षर सुटलें असेल तर ओळींत हंसपद, आणि समासांत तें अक्षर व ओळीचा आंकडा. समास ही कोरी जागा नव्हे. ती पोथीची चावडी आहे, सारी खबर तेथें मिळते. मोडी कागदांतहि माथ्यावरचा शिक्का, अखेरचें मोर्तब व तावांच्या जोडावर पाठीमागें उठविलेला शिक्का यांचें काम याच जातीचें होय. संग्राहकांस हें नवें नाहीं.

याहून पुष्कळ जुनें उदाहरण उपनगरांतच आहे. बोरिवलीच्या वनांत कान्हेरीचीं शंभरावर लेणीं आहेत. तेथील दानलेखांत ‘लेण’, ‘पोढी’ असे शब्द येतात. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा दाता अमुक खोली अथवा पाण्याचें टांकें दिल्याचें सांगतो. हे लेख बहुधा त्या दानाच्याच अंगावर, पडवीच्या भिंतीवर किंवा टांक्याच्या माथ्याशीं खोदलेले आहेत. नुसतें वाचन छापील पुस्तकांत घेतलें व जागा सोडली, तर दान कोणत्या टांक्याचें हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं. लेखाची जागा हा लेखाचाच भाग आहे.

संकेतस्थळाचें पान तर पोथीच्या पानाहूनहि सुटें. पोथी वाचणारा पहिल्या पानापासून आरंभ करितो. येथें वाचक शोधयंत्राच्या द्वारें एकदम मधल्याच पानावर येऊन उभा राहतो. हा ग्रंथ कोणता, पत्र कितवें, बाजू कोणती, मागें पुढें काय आहे व मूळ पोथी कोणाजवळ, हें त्यास तेथल्या तेथें कळलें पाहिजे. मुखपृष्ठावर पन्नास दुवे देऊन ही उणीव भरून निघत नाहीं. कित्येक वाचक मुखपृष्ठ कधीं पाहतच नाहींत.

रूप आहे पण मजकूर नाहीं, असा प्रकार मराठीनें मोठ्या प्रमाणावर भोगला आहे. युनिकोडाच्या इ. स. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान होतें. तरी पुढें कित्येक वर्षें मराठी संकेतस्थळें खास टंकांवर चालत, व त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृति चढविलेल्या असत. डोळ्यांस शुद्ध मराठी दिसे; यंत्राच्या लेखीं तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग. तो टंक जवळ नसला कीं पानहि वाचतां येईना, आणि एखादें गांवाचें नांव शोधावें तर सांपडेना. पवईच्या आय. आय. टी.मधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरांत अध्यापन केलेले कै. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा युनिकोड टंक ‘विंडोज २०००’ बरोबर सर्वत्र पोंचला, तेव्हांपासून ही अडचण ओसरूं लागली. ब्राह्मीस युनिकोडांत इ. स. २०१० मध्यें व मोडीस २०१४ मध्यें जागा मिळाली. अजूनहि एक बारीक गोष्ट राहते: मजकूर मराठी आहे अशी खूण पानाच्या घडणींत नसेल, तर कांहीं टंक ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवितात.

मुलुंडच्या संग्रहाचीं छायाचित्रें समासासह व मोजपट्टी ठेवून पुन्हां घेतलीं. कॅमेऱ्यानें दिलेले क्रमांक जाऊन प्रत्येक चित्रास ‘हरिविजय, पत्र ३७ ब’ असें नांव आलें. जगांतील मोठीं ग्रंथालयें इ. स. २०११ पासून पानांचीं चित्रें नांवनिशीसह परस्परांस वाचतां यावींत अशी जी पद्धति घडवीत आलीं आहेत, तिचाहि रोख हाच. चित्राखालीं जुनाट कागदाचा बनावट रंग होता. त्यांत खऱ्या पानाची कड मिसळून जाई, म्हणून तो काढून साधा करडा ठेविला. तांबडा रंग फक्त पत्रांक व दुवे यांस राखला. वर्णन चित्राशेजारींच दिसेल असें केलें. चित्र मोठें हवें, वर्णन आड ठेवावें, असें कांहीं संग्राहक मित्रांचें मत पडलें; तें आम्हांस मान्य नाहीं.

इतकें झाल्यावर घाटकोपरच्या एका वृद्ध वाचकांच्या हातीं मोबाईल देऊन हरिविजयाचा लेखनकाळ काढण्यास सांगितलें. ते अडलेच. काळ ‘मेटाडेटा’ नामक कळीखालीं दडला होता, आणि ते पोथीचा शेवट शोधीत होते. त्या जागीं ‘लेखनकाळ व नकलकार’ असे शब्द घालतांच दुसऱ्या वाचकास तो विनासायास सांपडला.

हरिविजयास त्याचा शक परत मिळाला. पांडवप्रतापासमोर आमच्या यादींत तूर्त ‘काळ अनिर्णित’ असें आहे, कारण त्याचें स्वतःचें शेवटचें पान रुमालांत नाहीं. समासांत ‘पां. प्र.’, गिरणीचा कागद, पानास अकरा ओळी, असें सुटें पान कोणा संग्राहकाच्या दप्तरांत निघाल्यास, समास न छाटतां त्याचें चित्र पाठवावें, ही विनंति.