खर्ज, खोली आणि शेजारी

भिलाईचा पोलाद कारखाना रात्रीही जागा असतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराने त्याची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी काही घरची चूल नव्हे, की मनात येईल तेव्हा विझवावी. म्हणून येथील काम तीन पाळ्यांत अखंड चालते. साहजिकच सेक्टरांतील क्वार्टरांमध्ये कोणत्याही प्रहरी संगीत लावले, तरी भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला कोणी झोपलेला असण्याचा संभव असतो.

अशा घरात हौसेने सबवूफर आणला जातो आणि पुष्कळदा पदरी निराशा येते. एका सुराला सारी खोली घुमते, तर दुसरा ऐकूही येत नाही. मग गृहस्थ आवाज वाढवतो, किंवा याहून मोठी पेटी घ्यावी असे मनात आणतो. परंतु दोष बहुधा पेटीचा नसतो. तो खोलीचा असतो, आणि त्यावरील पहिला उपाय बिनखर्चाचा आहे.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि विशिष्ट सुरांना स्थिर तरंग निर्माण होतात. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोली घेतली, तर लांबीमुळे सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा सूर उचलून धरला जातो आणि रुंदीमुळे सुमारे ५७ कंपनांचा. रुंदी व उंची सारखी असल्याने हा दुसरा सूर दुप्पट जोराने घुमतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने ४१ असतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची सुमारे ६९. म्हणजे खोलीचे हे आवडते सूर नेमके संगीताच्या पायाशीच येतात.

या तरंगांचा जोर भिंतींपाशी सर्वांत अधिक व खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणून ऐकणाऱ्याने भिंतीला पाठ टेकून बसू नये आणि अगदी मध्यावरही बसू नये. पेटी कोपऱ्यात ठेवली की सर्वच तरंग चेतवले जातात. आवाज मोठा होतो, पण एकसारखा राहत नाही.

योग्य जागा शोधण्याची युक्ती सोपी आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, परिचित संगीत लावावे आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत कानोसा घ्यावा. जेथे खर्जाचा प्रत्येक सूर सारखा व स्वच्छ ऐकू येईल, तेथे पेटी कायमची ठेवावी. ध्वनीचे उगमस्थान आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, हे तत्त्व लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. घरातील मुले या रांगण्यात आनंदाने सामील होतील आणि पदार्थविज्ञानाचा एक धडाही शिकतील.

परीक्षेसाठी भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, कारखान्यात नोकरी केलेल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण लाभलेल्या तीजनबाईंची पंडवानी लावून पाहावी. साथीच्या तबल्यातील डग्ग्याचा प्रत्येक ठोका वेगळा कळला, एकमेकांत मिसळून नुसता गुंजारव झाला नाही, म्हणजे जागा साधली. त्यानंतर सबवूफरची मर्यादा सुमारे ८० कंपनांवर ठेवावी आणि फेजचे बटण दोन्ही बाजूंना फिरवून, ज्या स्थितीत खर्ज अधिक भरीव वाटेल तीच कायम करावी.

पडदे व सतरंज्या यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्या वरचे स्वर शोषतात. ५० कंपनांच्या सुमारे सात मीटर लांब लाटेपुढे पातळ कापड निष्प्रभ ठरते. कोपऱ्यात जाड गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्यास थोडाफार उपयोग होतो. खर्च करावयाचाच असेल, तर एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणे बहुधा हितावह ठरते.

आता शेजाऱ्यांविषयी. भिंत वरचे स्वर बरेच अडवते, पण खर्ज तिच्यातून सहज पार होतो. म्हणून पेटी सामाईक भिंतीपासून दूर ठेवावी आणि तिच्याखाली जाड रबर घालावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु रात्रभर भट्टीपुढे उभा राहून सकाळी अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याची रात्र घड्याळात बसत नाही. त्याची काळजी कायद्याने नव्हे, शेजारधर्मानेच घ्यावयाची असते.

सुदैवाने येथे रसिकता आणि शेजारधर्म यांत विरोध नाही. पेटी व खुर्ची यांची जागा साधली की हलक्या आवाजातही खर्ज पुरेपूर ऐकू येतो. अलीकडच्या घरी गाणे रंगते आणि पलीकडच्या घरी झोप मोडत नाही.