उंची हवीच, पण बर्फ पडायलाही हवा

समुद्रसपाटीपासून वर जाताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून विषुववृत्ताजवळच्या ५,८९५ मीटर उंच किलिमांजारोच्या माथ्यावरही हिमनद्या आहेत. (१९१२ पासून तिथला ८० टक्क्यांहून अधिक बर्फ गेला, याची हळहळ वाटते.) पण नुसती थंडी पुरत नाही. वर्षभरात जेवढा बर्फ पडतो, तेवढा वितळून किंवा वाफ होऊन जाता कामा नये. चिली-अर्जेंटिना सीमेवरचा युयायाको पर्वत ६,७३९ मीटर उंच, तरी त्यावर हिमनदी नाही. तिथल्या अटाकामा वाळवंटाच्या कोरड्या हवेत बर्फ पडतोच थोडा. बर्फ टिकायला त्याचा रंगही महत्त्वाचा. ताजा, पांढराशुभ्र बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. धूळ आणि काजळी बसून करडा पडलेला बर्फ तेच ऊन शोषतो आणि भराभर वितळतो.