सिलिंडर चुलीला, बगॅस विजेला

स्वयंपाकघरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये किती वीज दडलेली असते? एलपीजी जाळला की किलोमागे सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे सिलिंडरमागे साधारण 180 युनिट. पण जनरेटरच्या इंजिनात त्यातली बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि हाती पन्नासएक युनिट वीज येते. सिलिंडरचा भाव पाहता ती फार महाग पडते. युरोपातही एलपीजी लागतो तो घरे तापवायला, स्वयंपाकाला, पोलंड-इटलीत मोटारींना. विजेत त्याचा वाटा नगण्य.

आपल्याकडे उरणला हीच विभागणी दिसते. मुंबई हायहून आलेल्या वायूतले प्रोपेन-ब्युटेन ओएनजीसी वेगळे काढते. थोड्या दाबाखाली ते द्रव होतात आणि टाकीत भरून वाडीवस्तीपर्यंत जातात. मिथेन द्रव करायचा तर उणे 162 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. म्हणून तो शक्यतो नळातूनच नेतात. महानिर्मितीचे उरणचे 672 मेगावॅटचे केंद्र नैसर्गिक वायूवरच चालते.

जे लांब नेता येत नाही, त्याची वीज जागेवर करावी. हे सूत्र वारणानगरला चोख लागू पडते. तात्यासाहेब कोरे यांनी 1950च्या दशकात उभ्या केलेल्या साखर कारखान्यात आज 44 मेगावॅटचा सहवीजनिर्मिती प्रकल्प आहे. त्याचे इंधन बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा भुसा. शेवटच्या मिलमधून पट्ट्यावर पडणारा तो हातात घेतला तर ओलसर लागतो, कारण त्याचे निम्मे वजन पाण्याचेच असते. सिलिंडरएवढी वीज काढायला असा शंभर किलोहून जास्त बगॅस जाळावा लागतो. तो ट्रकने दूर नेणे परवडत नाही. पण टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे किलोच्या आसपास बगॅस बॉयलरच्या दाराशीच तयार असतो.

खरी करामत वाफेची. उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवायला जाते. निव्वळ वीजकेंद्रात ही उरलेली उष्णता थंड पाण्यात सोडून द्यावी लागते. इथे तिची साखर होते. शिवाय बगॅसचा कार्बन उसाने आदल्या हंगामात हवेतूनच घेतलेला असतो. सिलिंडर जाळला की मात्र बेचाळीसएक किलो कार्बन डायऑक्साइडची नवी भर पडते.

अडचण हंगामाची आहे. गळीत संपते आणि नेमकी उन्हाळ्यात शेतीपंपांची मागणी चढते. तेव्हा शिल्लक बगॅसच्या गंजी कोरड्या राखणे कुठल्याही नव्या यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. एका वळवाने वरचा थर भिजला, तर बॉयलरची उष्णता आधी ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते.