शेवंडीचा उत्तरेकडे मुक्काम

कोकणातल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची अटलांटिक शेवंड मात्र जाडजूड नांग्यांची आणि पक्की थंडीप्रेमी. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर फार दिवस राहिलं की तिचा श्वास अडतो, प्रतिकारशक्ती ढासळते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये 1999 साली शेवंडी मोठ्या संख्येने मेल्या. तिथला धंदा नंतर सावरलाच नाही.

दक्षिणेकडे कवच कुरतडणारा जिवाणूजन्य रोगही फोफावला. शेवंड कात टाकते तेव्हा रोगट कवच गळून जातं. पण अंडी पोटाखाली वागवणारी मादी नऊ ते अकरा महिने कात टाकत नाही. म्हणजे जिच्यावर पुढची पिढी अवलंबून, तिलाच रोगाचा मार जास्त!

गंमत अशी, की उत्तरेला मेन राज्यात हीच ऊब आधी पथ्यावर पडली. फार गार पाणी पिल्लांना मानवेल इतकं कोमट झालं, त्यांना खाणारा कॉड मासाही अतिमासेमारीने घटला होता. शिवाय तिथले मच्छीमार अंडीवाल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिला सोडून देतात. अशी खूणवाली मादी पुढे कोणी धरत नाही. (या जुन्या शिस्तीचं श्रेय मला तापमानाइतकंच वाटतं.) 2016 मध्ये मेनने सुमारे सहा कोटी किलो शेवंड पकडली. 2024 पर्यंत हा आकडा चार कोटींच्या आसपास उतरला, आणि आता शेवंडी अधिक खोल, गार पाण्याकडे सरकताहेत.