भिंत चित्र का धरत नाही?

गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांतून आता बोलक्या भिंती दिसतात. पूर्वी पेंटर येऊन बाराखडी, पाढे, नकाशे कुंचल्याने रंगवीत असे. आता तेच व्हिनाइलच्या स्टिकरवर छापून मिळते. मागचा कागद सोलायचा आणि भिंतीला लावायचे. काम तासाभराचे, दिसायला झकास. पण पुष्कळ ठिकाणी पावसाळा सरतो न सरतो तोच महाराष्ट्राच्या नकाशाचा कोपरा उचलतो, मुले त्याला नख लावतात, आणि लोकवर्गणीचा पैसा जमिनीवर लोळू लागतो. मग सगळे गोंदाला नावे ठेवतात. बहुतेक वेळा दोषी असते भिंत.

हा गोंद स्पर्शाने आणि दाबाने धरतो. काचेवर तो सगळाच्या सगळा टेकतो. खरबरीत गिलाव्यावर मात्र उंचवट्यांवरच टेकतो, खळग्यांत हवा राहते. त्यात आपल्या बीड जिल्ह्यात भिंत काळ्या दगडाची, विटांची नाहीतर मातीची, आणि वरून चुन्याची सफेदी. चुन्यावर हात फिरवा, तळहात पांढरा होतो की नाही? गोंद त्या भुकटीला चिकटतो. भुकटी सुटली की चित्रही सुटले!

म्हणून स्टिकर छापायला टाकण्यापूर्वी एक परीक्षा करा. रुंद चिकटपट्टी भिंतीवर अंगठ्याने घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. पट्टीच्या पाठीवर भुकटी किंवा रंगाचे कण आले, तर ती भिंत नापास. मग जुना चुना खरवडून काढा, लांबी भरून घासा, प्रायमर द्या, वर ऑइलपेंट. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर निदान 28 दिवस थांबा आणि रंगही चांगला वाळू द्या. लोणा लागलेल्या भिंतीला मात्र हे उपाय पुरत नाहीत. आधी ओल कुठून येते ते शोधा.

खरबरीत पण टणक भिंतीसाठी पातळ, मऊ फिल्म मिळते, साधारण 50 मायक्रॉन जाडीची. गरम हवेने ती नरम करायची आणि स्पंजाच्या रोळाने खळग्यांत दाबत जायची. इथे घाई करणारा हमखास फसतो, कारण ताणून बसवलेली फिल्म हळूहळू आपल्या मूळ मापावर येऊ पाहते आणि खळग्यातून वर उचलते. दगडी भिंतीत सांधे खोल असतील तर फिल्म पुलासारखी वरून जाऊ देऊ नका; सांध्यावर कापा आणि दोन्ही कडा दगडावर दाबून बसवा. स्वस्त, जाड फिल्म अशा जागी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळही पाहावी लागते. वैशाखात आपल्याकडे पारा 40 अंशांपुढे जातो, उन्हातली भिंत त्याहून तापते. अशा भिंतीला गोंद टेकताक्षणी धरतो, सुरकुती काढायला सवड देत नाही. सकाळी, सावलीत काम करा.

आणि भिंत अगदीच हट्टी असली तर तिच्या नादी लागू नका. सपाट पत्र्यावर नाहीतर गुळगुळीत सनमायका लावलेल्या प्लायवर चित्र चिकटवा आणि फळा टांगतो तसे टांगा. पुढे चुना द्यायच्या वेळी ते उतरवताही येते. कुठेही लावा, कोपरे कात्रीने गोल करून घ्या म्हणजे नखाला धरायला जागा राहत नाही. पहिला दिवसभर त्याला ओले फडके लावू नका. गोंदाला जोर धरायला 24 तास तरी द्यावे लागतात.