जंतुनाशक साबण, नदीतील मासे आणि यकृत

'डॉक्टर, उजनीची चिलापी खावी की नको?' हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कारखान्यांचे सांडपाणी असते. ती काळजी रास्तच आहे. पण एक रसायन आपल्या न्हाणीघरातूनही नदीला जाते, त्याविषयी आज थोडे सांगतो.

त्याचे नाव ट्रायक्लोसान. जंतूंना आपले आवरण तयार करण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतात. ते बनवणारे विकर म्हणजे एन्झाइम ट्रायक्लोसान बंद पाडते. १९७२ च्या सुमारास शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याच्या साबणात ते आले आणि पुढे घरगुती साबण, टूथपेस्ट व हँडवॉशमध्ये पसरले. ट्रायक्लोकार्बन हे त्याचेच भावंड.

साबण अंगावर राहतो जेमतेम मिनिटभर. मग तो गटारात, तेथून नदीत जातो. मैलाशुद्धीकरण केंद्रात ट्रायक्लोसानचा बराचसा भाग निघतो, सगळा नाही. जे सांडपाणी प्रक्रियेविना सुटते, त्यातील तर सारेच नदीत उतरते. पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीपाशी मुळेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते. चाकणकडचे पाणीही इंद्रायणी व भामा यांच्या वाटेने भीमेतच येते आणि भीमा उजनीत. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस सर्वांना दिसतो. ट्रायक्लोसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. तमिळनाडूतील कावेरी, वेल्लार व ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यात ते आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले आहे.

माशाच्या शरीरात ते कल्ल्यांतून व अन्नातून शिरते. आपल्याप्रमाणेच माशाचेही यकृत विषाची विल्हेवाट लावते आणि ते पित्तावाटे बाहेर टाकते. स्वीडनमध्ये २००२ साली माशांच्या पित्तातच ट्रायक्लोसान सापडले होते. सांडपाण्यात जंतूंच्या क्रियेने त्याचे मिथाइल-ट्रायक्लोसान बनते. ते चरबीत अधिक मुरते आणि सहज निघत नाही. प्रयोगशाळेत ट्रायक्लोसानच्या पाण्यात ठेवलेल्या माशांच्या यकृतपेशी फुगलेल्या व मेलेल्या आढळल्या आहेत. आपण रक्त तपासताना ज्या एसजीओटी व एसजीपीटीचे आकडे पाहतो, तीच विकरे त्या माशांमध्येही बिघडलेली दिसतात.

माणसाचे काय? अमेरिकेतील सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांना सहा महिने ट्रायक्लोसान दिले होते. त्यांच्या यकृतात तंतू वाढले आणि गाठी होण्याचे प्रमाणही वाढले. मात्र उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या पोटात जाणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच जास्त होती. त्यामुळे मासे खाल्ल्याने कावीळ झाली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्याकडे यकृत बिघडते ते मुख्यतः दारू, काविळीचे विषाणू, वाढती चरबी आणि मनाने घेतलेली औषधे यांमुळे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर झाडपाल्याच्या मागे न लागता रक्त तपासून घ्यावे.

मासे हे उत्तम व स्वस्त प्रथिन आहे, ते सोडण्याचे कारण नाही. मात्र नदीत मेलेला किंवा तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी घेऊ नये. मासा साफ करताना यकृत, पित्ताशय, आतडी आणि पोटातील चरबी काढून टाकावी. शिजवल्याने अशी रसायने नाहीशी होतात, या भरवशावर राहू नये. नेहमी एकाच ठिकाणचे मासे न घेता आलटून पालटून घ्यावेत.

दुसरा उपाय घरातलाच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बनसह १९ रसायने घरगुती जंतुनाशक साबणांत वापरण्यास मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो आणि रोजच्या दीर्घ वापरात ती सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आले नव्हते. रुग्णालयाची गरज वेगळी असते. तेथील साबणांना ही मनाई नव्हती. घरी मात्र साध्या साबणाने वीस सेकंद हात चोळून धुतले की पुरते. साबण घेताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि ही दोन नावे दिसली तर दुसरा साबण मागावा. खिशाला त्याचा भार पडत नाही, आणि नदीचाही तेवढा कमी होतो.