घरगुती मत्स्यालयातील सिक्लिड माशांचे प्रजनन

घरगुती मत्स्यालयातील सिक्लिड माशांचे प्रजनन म्हणजे सिक्लिडी कुलातील माशांची जोडी जमवणे, तिच्या विणीस अनुकूल परिस्थिती निर्माण करणे आणि पिल्ले स्वतंत्रपणे वाढू लागेपर्यंत त्यांचे संगोपन करणे होय. अंडी व पिल्ले यांचे रक्षण करण्याची वृत्ती हे या कुलाचे ठळक वैशिष्ट्य आहे. बहुतेक शोभिवंत मासे अंडी घालून निघून जातात. सिक्लिड मात्र दिवसचे दिवस अंड्यांवर पहारा देतात. याच वृत्तीमुळे विणीच्या काळात ते अत्यंत आक्रमक होतात आणि लहान टाकीतील दुबळ्या माशाचा जीव धोक्यात येतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सदनिकांमध्ये जागा मर्यादित असल्याने हा प्रश्न विशेष जाणवतो.

कुल व जाती

या कुलातील १,७०० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. त्यांचा नैसर्गिक आढळ आफ्रिका, मादागास्कर, मध्य व दक्षिण अमेरिका, पश्चिम आशियाचा काही भाग, भारत आणि श्रीलंका येथे आहे. भारतात तीन मूळ जाती आढळतात : एट्रोप्लस सुरातेन्सिस, एट्रोप्लस कॅनरेन्सिस आणि स्यूडेट्रोप्लस मॅक्युलॅटस. यांपैकी पहिली जात गोव्यात ‘कालुंदर’ व केरळात ‘करिमीन’ या नावाने ओळखली जाते. खाजणाच्या मचूळ पाण्यात ती वाढते. तिसरी, नारिंगी रंगाची लहान जात मत्स्यालयातही पाळली जाते. तिची पिल्ले आई-वडिलांच्या अंगावरील श्लेष्म टिपून खातात.

शोभिवंत मासे म्हणून एंजल, डिस्कस, ऑस्कर, कन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस आणि आफ्रिकेतील मलावी सरोवरातील रंगीत जाती विशेष लोकप्रिय आहेत. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात न आढळणारा, माणसाने तयार केलेला संकर आहे. त्याचे अनेक नर वंध्य असतात.

प्रजननाच्या पद्धती

पृष्ठभागावर अंडी घालणारे : एंजल व डिस्कस रुंद पान, पाटीचा दगड किंवा उभी काच स्वच्छ करून तिच्यावर अंडी चिकटवतात. कन्व्हिक्ट व क्रिबेन्सिस गुहेसारखी बंदिस्त जागा निवडतात. त्यांच्यासाठी आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते. २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानास एंजलची अंडी सुमारे अडीच दिवसांत फुटतात. नवजात पिल्ले आणखी चार-पाच दिवस एका जागी चिकटून पोटातील पीतकावर जगतात व नंतर पोहू लागतात.

तोंडात अंडी उबवणारे : मलावी सरोवरातील बहुतेक जातींची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे तोंडातच वाढवते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. नराचा पाठलाग चालू राहिल्यास ती अंडी गिळून टाकते किंवा थुंकते. म्हणून तिला शांत, स्वतंत्र टाकीत हलवतात. या जातींमध्ये एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या जातात, जेणेकरून नराचा त्रास एकाच मादीवर केंद्रित होत नाही.

पाणी

ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांना मुख्यतः उल्हास नदी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतून पाणीपुरवठा होतो. पावसाने भरणाऱ्या धरणांचे पाणी सामान्यतः मृदू असते. ते एंजल व अन्य दक्षिण अमेरिकी जातींना मानवते. मलावी सरोवरातील माशांना मात्र ७.८ ते ८.६ सामू असलेले कठीण पाणी लागते. त्यासाठी गाळणीत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा ठेवतात. कूपनलिकेचे पाणी बहुधा अधिक कठीण असते. ते तपासल्याशिवाय वापरू नये.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्या पिंपात २४ तास हवा सोडत ठेवल्यास किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट योग्य प्रमाणात घातल्यास क्लोरीन निघून जाते. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते आणि शुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा बदलू शकते, त्यामुळे या काळात अधिक दक्षता आवश्यक असते. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असणाऱ्या दिवसांकरिता पाण्याचा साठा झाकून ठेवावा. उघड्या साठ्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

नव्या टाकीत लगेच जोडी सोडू नये. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत स्थिरावण्यास साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. सामू व तापमान वाढले की अमोनियाची विषारता वाढते; त्यामुळे मलावी माशांच्या टाकीत अल्प अमोनियाही घातक ठरतो.

तापमान व वीजपुरवठा

एप्रिल-मे महिन्यांत येथील बंद खोलीतील टाकीचे तापमान ३२ अंशांवर जाऊ शकते. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३२ अंशांस सुमारे ७.३ मिलिग्रॅम. अशा वेळी वीज गेल्यास दाटीच्या टाकीत मासे गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा त्यावरील सोपा उपाय होय. हिवाळ्यात रात्री पाणी थंड होत असल्याने अंड्यांच्या टाकीत तापक वापरतात. साधारणपणे प्रतिलिटर एक वॅट हे प्रमाण पुरेसे ठरते.

टाकीची जागा

२०० लिटरच्या टाकीतील केवळ पाण्याचे वजन २०० किलोग्रॅम असते. काच, वाळू व दगड मिळून ते आणखी वाढते. त्यामुळे जुन्या इमारतीत अशी टाकी पुढे आलेल्या सज्जात न ठेवता भारवाही भिंतीलगत ठेवणे सुरक्षित असते.

जोडी व पिल्लांचे संगोपन

अनेक जातींत कोवळ्या वयात नर-मादी ओळखणे कठीण असते. म्हणून पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवून त्यांना आपणहून जोडी जमवू देण्याची पद्धत रूढ आहे. बळजबरीने एकत्र ठेवलेल्या जोडीत नर मादीला ठार करू शकतो. भांडण दिसताच टाकीत जाळीचा पडदा घालावा. नवी जोडी पहिली एक-दोन वेळची अंडी खाऊन टाकते. त्यामुळे निराश होऊन अंडी लगेच वेगळी करण्याची गरज नसते; पुष्कळ जोड्या पुढील विणींत पिल्ले नीट सांभाळतात. पांढरी पडलेली अंडी अफलित असतात व त्यांवर बुरशी चढते.

पोहू लागलेल्या पिल्लांना आर्टेमियाची नुकतीच फुटलेली पिल्ले दिवसातून तीन-चार वेळा देतात. ही अंडी खाऱ्या, हवेशीर पाण्यात २४ ते ३६ तासांत फुटतात. गटारांतून गोळा केलेल्या जिवंत ट्युबिफेक्स अळ्यांतून रोगजंतू येण्याचा धोका असतो. उरलेले अन्न काढून टाकणे व रोज थोडे पाणी बदलणे यांवर पिल्लांचे जगणे मुख्यतः अवलंबून असते.

अतिरिक्त पिल्ले व स्थानिक जलाशय

एका विणीत शेकडो पिल्ले होऊ शकतात. त्यांची सोय आधीच ठरवणे हा प्रजननाचा आवश्यक भाग आहे. नको असलेले मासे ठाण्यातील मासुंदा किंवा उपवन तलावात, कल्याणच्या काळा तलावात अथवा उल्हास नदीत सोडणे ही दया नव्हे. त्यांतील पुष्कळसे मासे मरतात, आणि तगून राहिलेले स्थानिक माशांचे अन्न व विणीच्या जागा बळकावतात. याच कुलातील मोझांबिक तिलापिया मासा १९५२ मध्ये मत्स्योत्पादनासाठी भारतात आणला गेला. तो देशभरातील जलाशयांत पसरला असून उजनी परिसरात ‘चिलापी’ म्हणून परिचित आहे. जगातील १०० अत्यंत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याच्या यशाचे एक कारण पिल्ले तोंडात सांभाळण्याची त्याची सवय हेच आहे. अतिरिक्त पिल्ले इतर पाळणाऱ्यांना किंवा दुकानदारांना देणे आणि ते शक्य नसल्यास अंडी वेळीच काढून टाकणे हे योग्य पर्याय होत.